घरच्या टेबलासाठी ऑसिलोस्कोप : काय बघून घ्यावा?

 

आज एका महागड्या वस्तूबद्दल बोलायचं आहे. महागडी आपल्या मानानं. दुरुस्तीचं काम घरून करणाऱ्या, आयटीआय करून घरी बसलेल्या, किंवा लेकराच्या नादानं सर्किट जोडायला शिकलेल्या बायकांना कधी ना कधी एक प्रश्न पडतो : आता ऑसिलोस्कोप घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? आम्ही पाच जणी मिळून मानवत भागात दुरुस्तीचं टेबल चालवतो आणि हा प्रश्न आमच्यातही बरेच दिवस घुमत होता. म्हणून आज त्यावरच बोलतो.

आधी गरज कुठून येते ते बघू. पाठीवरचा, बॅटरीचा फवारणी पंप घ्या. जुलै-ऑगस्टात सोयाबीन आणि कापसावर फवारणी सुरू झाली की हे पंप आणि त्यांचे चार्जर टेबलावर रांगेनं येऊन बसतात. तक्रार एकच : रात्रभर चार्जिंगला लावला तरी सकाळी दोन टाक्यांत पंप मरतो. आम्ही चार्जरला मल्टिमीटर लावतो. मीटर म्हणतो, १३.८ व्होल्ट. म्हणजे चार्जर ठणठणीत. मग बॅटरी बदला. नवी बॅटरीसुद्धा महिनाभरात तीच रड करते.

यात मीटर खोटं बोलत नाही, पण तो सरासरी सांगतो. आणि सरासरीचं काय असतं ते आपल्याइतकं कोणाला कळणार? महिन्याचा पाऊस कागदावर सरासरीइतका पडलेला असतो, पण तो दोन दिवसांत कोसळला आणि पुढं पंचवीस दिवस उघडीप दिली तर पीक वाळायचं ते वाळतंच. चार्जरमधला कपॅसिटर सुकला की व्होल्टेजचं तसंच होतं. क्षणात वर, क्षणात खाली, आणि मीटरवर मात्र शांत १३.८. ही वरखाली डोळ्यांनी दाखवणारं यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. पडद्यावर डावीकडून उजवीकडे वेळ चालते आणि रेघ वरखाली होते तो व्होल्टेज. एवढंच. १८९७ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञानं काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत हलवून हे पहिल्यांदा दाखवलं. आयटीआयमध्ये आपण ज्याला सीआरओ म्हणायचो तो त्याच नळीचा वंशज. आता नळी गेली. डिजिटल स्कोप व्होल्टेजचे भराभर नमुने घेतो, आकड्यांत साठवतो आणि त्या आकड्यांचं चित्र काढतो. फायदा असा की एकदाच घडून गेलेली गोष्टसुद्धा तो धरून ठेवू शकतो.

आता स्पष्टच सांगतो, तुमच्यापैकी निम्म्या जणींना याची गरज नाही. तुमचं काम मुख्यतः एलईडी बल्बचं असेल तर स्कोप घेणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. बल्बची जळालेली एलईडी मीटरनं सापडते. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या बहिणींनी आधी चांगला डीसी सप्लाय, हॉट एअर आणि भिंग घ्यावं. स्कोप नंतर बघू. पण चार्जर, इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, सोलरचे कंट्रोलर, शेताच्या कुंपणाचं झटका मशीन हे तुमच्याकडे रोज येत असेल, किंवा घरातली मुलगी मायक्रोकंट्रोलर शिकत असेल, तर पुढचं नीट ऐका.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, किती मेगाहर्ट्झचा देऊ? खोक्यावर तोच आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो आणि किंमतही त्याच आकड्यावर चढते. याला बँडविड्थ म्हणतात. शंभर मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे शंभर मेगाहर्ट्झपर्यंत अचूक, असं नाही. त्या आकड्यावर पोचेपर्यंत एक व्होल्टची लाट पडद्यावर सुमारे ०.७ व्होल्टची दिसायला लागते. म्हणून जाणकार मंडळी सांगतात, तुम्हाला जे बघायचं त्याच्या निदान पाचपट बँडविड्थ घ्या. चौकोनी लाट बघायची तर ते जास्तच पाळा, नाहीतर चौकोनाचे कोपरे गुळगुळीत होऊन दिसतात आणि आपण उगाच सर्किटला दोष देतो.

पण आपल्याला बघायचंय तरी किती? घरातली लाईट ५० हर्ट्झ. तीच डायोडच्या ब्रिजमधून गेली की १०० हर्ट्झ. टीव्हीच्या रिमोटचा इशारा ३८ किलोहर्ट्झ. इंडक्शन शेगडी वीस किलोहर्ट्झच्या थोडी वर चालते. चार्जरमधला स्विचिंगचा भाग काही दहा हजारांपासून लाख-सव्वा लाख हर्ट्झपर्यंत. आता तुम्ही हे बोलणं एफएमवर ऐकताय ना, ते ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतं. आपल्या टेबलावरचं बहुतेक काम त्याच्या हजारव्या भागाच्या आसपास संपतं. मॉस्फेट चालू-बंद होतानाची कड अगदी उभी असते, ती नीट दिसावी म्हणून वीस ते पन्नास मेगाहर्ट्झ हवेत, हे खरं. त्याच्यापुढचे पैसे आपल्या कामात दिसत नाहीत. दोनशे मेगाहर्ट्झसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे बांधावरून जायला ट्रक घेणं, असं आमचं मत आहे.

बँडविड्थपेक्षा बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो : सेकंदाला किती नमुने. इंग्रजी खोक्यावर तो एमएसए किंवा जीएसए असा लिहितात. म्हणजे सेकंदाला दशलक्ष किंवा अब्ज नमुने. यात खरी गोम आहे. सिनेमात धावत्या टांग्याचं चाक कधी कधी उलटं फिरताना दिसतं ना? चाक सरळच फिरतं, पण कॅमेऱ्याचे फोटो कमी पडतात. स्कोपचे नमुने कमी पडले की असंच होतं. लाट असते एक आणि पडद्यावर भलतीच, संथ, साजिरी लाट दिसते. ती खोटी आहे हे ओळखायला काही खूण नसते. एक लाट नीट दिसायला तिचे निदान दहा नमुने तरी असावेत असा आमचा हिशोब. हँटेकचा ६०२२ बीई हा कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्त स्कोप घ्या. त्याची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झ आणि नमुने सेकंदाला ४८ दशलक्ष. म्हणजे २० मेगाहर्ट्झच्या एका लाटेला अडीचसुद्धा नमुने येत नाहीत. वस्तू वाईट नाही, पण तिला चार-पाच मेगाहर्ट्झची समजून घ्या. दुसरं, हे नमुने बहुधा चॅनेलमध्ये वाटले जातात. रिगॉलचा डीएस १०५४ झेड एका चॅनेलवर सेकंदाला एक अब्ज नमुने घेतो, दोन लावले की प्रत्येकाला निम्मे, चारही लावले की पाव. ते लपवलेलं नसतं, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपण विचारायला हवं.

तिसरी गोष्ट मेमरी, आणि तिच्या जोडीला ट्रिगर. हे समजायला झटका मशीनसारखं दुसरं उदाहरण नाही.

आपल्याकडे रानडुकरं आणि रोही यांच्यापायी कुंपणाला झटका मशीन लावलेली शेतं आता गावोगाव आहेत. चांगलं मशीन तारेत कित्येक हजार व्होल्टचा ठोका सोडतं, पण तो अगदी क्षणभर, आणि दोन ठोक्यांत निदान एका सेकंदाचं अंतर ठेवून. त्या अंतरामुळेच माणूस किंवा जनावर तारेपासून हात-पाय काढून घेऊ शकतं. (इथं थोडं विषयाबाहेरचं, पण सांगणारच : मशीन बिघडलं म्हणून घरातली २३० व्होल्टची लाईट थेट तारेला जोडणारे महाभाग आहेत. त्या लाईटला थांबा नसतो. ती धरलेला हात सोडू देत नाही. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. तुमच्या आखाड्यावर कोणी असं करत असेल तर आजच तोडायला लावा.)

तर मशीन येतं, 'ठोका मधूनच चुकतो' अशी तक्रार घेऊन. बघायचं असतं ते आतल्या कमी व्होल्टेजच्या बाजूला, जिथून एससीआरला चालू होण्याचा इशारा जातो. हा इशारा सेकंदाला एक, आणि लांबी एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असू शकते. आता समजा पडद्यावर दोन सेकंद एकदम बघायचे. डीएसओ १३८ नावाचा जो जोडून घ्यायचा स्वस्त संच मिळतो, त्याची मेमरी १०२४ नमुन्यांची. दोन सेकंद त्यात भागले की दर दोन मिलिसेकंदांना एक नमुना पडतो. इशारा दोन नमुन्यांच्या मधून निसटून जाईल आणि आपण म्हणू, इशारा येतच नाही. आठ हजार नमुन्यांची मेमरी असेल तर दर पाव मिलिसेकंदाला एक नमुना; दिसेल, पण ठिपक्यासारखा. एक कोटी नमुन्यांची मेमरी असली की तोच इशारा मोठा करून त्याचा आकारही बघता येतो.

मेमरी कमी असली तरी ट्रिगर चांगला असेल तर बरंच भागतं. ट्रिगर म्हणजे उंदराचा पिंजरा लावून ठेवणं. स्कोपला सांगायचं, रेघ दोन व्होल्टच्या वर चढली की तेवढा क्षण धर. 'सिंगल' नावाचं बटण दाबलं की तो दबा धरून बसतो, इशारा आला की झाप पडते आणि चित्र पडद्यावर थांबून राहतं. म्हणून घेताना 'सिंगल' आणि 'नॉर्मल' ट्रिगर आहे का, एवढं विचाराच. जुना वापरलेला सीआरओ स्वस्तात मिळतो, पण त्यात हे धरून ठेवणं बहुधा नसतं. रेघ आली आणि गेली.

चॅनेल दोन हवेतच. इन्व्हर्टरमध्ये मॉस्फेटच्या दोन फळ्या असतात. एक चालू तेव्हा दुसरी बंद. दोन्ही क्षणभर एकदम चालू झाल्या तर मॉस्फेट फुटतात. नवे टाकले की तेही फुटतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं बाईला काम येत नाही. दोघांच्या गेटचे इशारे एकाखाली एक बघितल्याशिवाय हे कळत नाही. चार चॅनेलची गरज मायक्रोकंट्रोलरच्या कामात पडते. आठ बिट की बारा बिट याचा फार विचार करू नका. आठ बिट म्हणजे उभ्या दिशेनं २५६ पायऱ्या, बारा म्हणजे ४०९६. बारा बरे, पण आठवर जगाचं काम चाललं आहे.

आता ज्याच्यासाठी आज बोलायला बसलो ते सांगतो. हे आकडे नंतर विसरलात तरी चालेल.

टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबला एक काळी चिमटी असते. मल्टिमीटरची काळी वायर आपण कुठंही लावतो. बऱ्याच जणींना वाटतं, ही चिमटीही तशीच. ती तशी नाही. ती चिमटी स्कोपच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते, अंग तीन पिनच्या वायरमधून घरातल्या अर्थिंगला. म्हणजे ती चिमटी जिथं लावाल ती जागा तुम्ही जमिनीला जोडली. चार्जरचा किंवा इंडक्शनचा जो भाग थेट लाईटवर असतो, त्यातला 'मायनस' हा जमिनीच्या पातळीवर नसतोच. तिथं चिमटी लावली की सरळ शॉर्ट. ठिणगी उडते, चिमटी वितळते, चार्जर जातो, स्कोपही जाऊ शकतो. आणि हे सगळं पापणी लवायच्या आत.

त्यावर जुने मेकॅनिक एक उपाय सांगतात : स्कोपची अर्थिंगची पिन कापून टाक. हा उपाय ऐकू नका. पिन कापली की शॉर्ट होत नाही हे खरं, पण मग स्कोपचं सगळं लोखंडी अंग, बटणांच्या बाजूचे सॉकेट, सगळं जिवंत होतं. २३० व्होल्ट ही सरासरीच्या हिशोबातली संख्या; लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. चार्जरमधल्या मोठ्या कपॅसिटरवर तेवढेच डीसी व्होल्ट बसलेले असतात, वायर काढल्यावरही काही वेळ. अशा स्कोपला एक हात लागला आणि दुसरा फरशीला, तर पुढचं सांगायला नको. घरात टेबल असलं की लेकरू येऊन बटण फिरवतं, हेही लक्षात घ्या.

योग्य उपाय आहे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. २३० आत, २३० बाहेर, पण दोन्ही वाइंडिंग वेगळ्या; मध्ये वायरीचा संबंध नाही. दुरुस्तीची वस्तू त्याच्यावर चालवायची, स्कोप नव्हे. स्कोप आपल्या अर्थिंगच्या सॉकेटमध्येच राहील. घरचा स्टॅबिलायझर किंवा डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे, त्यात वाइंडिंग एकच असते. दिसायला सारखं म्हणून फसू नका. आणि गावातल्या मोटार भरणाऱ्याकडून हा ट्रान्सफॉर्मर भरून घेण्यापेक्षा तयार, ठप्पा असलेला घ्या. दोन वाइंडिंगमधल्या कागदावर आपला जीव अवलंबून आहे. त्याच्यापुढं आपला नेहमीचा सिरीज बल्ब ठेवायचा, म्हणजे वस्तूत शॉर्ट असला तर बल्ब पेटतो, बोर्ड फुटत नाही.

आयसोलेशननंतरही दोन नियम. एक, दोन्ही चॅनेलच्या चिमट्या आतून एकच असतात, म्हणून दोन्ही एकाच जागी लावायच्या. वेगवेगळ्या जागी लावल्या तर त्या दोन जागा तुम्हीच एकमेकींना जोडल्या. दुसरा, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्यावर घरातला गळती पकडणारा ब्रेकर तुम्हाला वाचवत नाही. म्हणून एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं मोठं माणूस असल्याशिवाय उघड्या बोर्डावर लाईट द्यायची नाही. हा आमच्या टेबलाचा पहिला नियम आहे आणि तो कोणासाठीही मोडत नाही.

कॉम्प्युटरला जोडायच्या स्कोपची चिमटी यूएसबीच्या वायरमधून लॅपटॉपच्या अंगाला जाते. लाईटच्या बाजूला ती लावली तर स्कोपसोबत लॅपटॉपही जाईल, आणि त्याच्यावर हात ठेवलेली पोरगीही संकटात येईल. त्याचा उपयोग कमी व्होल्टेजच्या कामापुरताच. मोबाईलच्या हेडफोनच्या भोकात वायर घालून स्कोप बनवायची युक्ती फिरते, ती तर सोडूनच द्या.

झटका मशीनचं तारेकडचं टोक, काही झालं तरी, साध्या प्रोबला लावायचं नाही. दहापट कमी करणारा प्रोब हजारोंच्या ठोक्यासाठी नसतो. त्याला उच्च दाबाचा वेगळा प्रोब लागतो. आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतल्या पंपाचा कंट्रोलर आला तर आम्ही उघडत नाही. पॅनेलच्या माळेत शेकडो व्होल्ट डीसी असतो, दिवसा तो बंद करता येत नाही, आणि त्या पंपांना पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. ती वापरा, फुकटची आहे.

अर्थिंगचं एक राहिलं. स्कोपला तिसरी पिन हवी, पण आपल्या किती घरांत त्या पिनला खरंच काही जोडलेलं आहे? मीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज आणि अर्थ यांत बघा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांत अगदी थोडं. शंका आली तर वायरमनकडून खड्डा करून घ्या. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतत जा. स्कोपपेक्षा हे स्वस्त आहे आणि त्याच्याआधी करायचं आहे.

आता कोणता घ्यायचा. किमती सारख्या बदलतात म्हणून रुपयांपेक्षा पायऱ्या सांगतो.

सगळ्यात खालची पायरी तो डीएसओ १३८ चा संच. एक चॅनेल, बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ, आणि इनपुटला पन्नास व्होल्टच्या वर चालत नाही. सोल्डरिंग शिकायला आणि लाट म्हणजे काय हे लेकरांना दाखवायला छान. धंद्याला नाही.

शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी आमची पसंती आपल्याच देशातल्या वस्तूला. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरनं शाळा-कॉलेजांतल्या प्रयोगांसाठी एक्सपआईज नावाचं छोटं खोकं तयार केलं. त्याचा १७ क्रमांकाचा प्रकार कॉम्प्युटरला जोडता येतो आणि मोबाईललाही. दोन मुख्य इनपुट अधिक-उणे १६ व्होल्टचे आहेत. वेग जास्त नाही, सेकंदाला दहा लाख नमुन्यांपर्यंत, पण त्यातच सिग्नल तयार करायची सोय आहे आणि भौतिकशास्त्राचे कितीतरी प्रयोग घरी होतात. बारावीच्या मुलीसाठी त्याच्यावर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

मधली पायरी म्हणजे हातात धरायचा, बॅटरीवरचा, मल्टिमीटरसकट स्कोप. ओवॉनचा एचडीएस २४२ या जातीचा : दोन चॅनेल, ४० मेगाहर्ट्झ, एका चॅनेलवर सेकंदाला २५ कोटी नमुने. मेमरी थोडी, आठ हजारांची, पण ट्रिगर आहे. आमच्यात दोघींचं म्हणणं होतं, घ्यायचाच तर मोठ्या पडद्याचा चार चॅनेलचा घेऊ, पुन्हा पुन्हा घेणं होत नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. रिगॉलचा डीएचओ ८०४ सारखा स्कोप चार चॅनेल, ७० मेगाहर्ट्झ, बारा बिट आणि अडीच कोटी नमुन्यांची मेमरी देतो. हौशी लोकांच्या टेबलावर त्याच्या पुढचं काही क्वचितच लागतं. पण आमच्याकडे दिवसातून लाईट किती वेळा जाते, काम शेतावरच्या आखाड्यावर किती वेळा जाऊन करावं लागतं, आणि येणाऱ्या वस्तूंमध्ये मायक्रोकंट्रोलरचं काम किती, हे वहीत लिहून काढलं तेव्हा वाद आपोआप मिटला. बॅटरीचा घेतला आणि उरलेल्या पैशात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि एक जादा प्रोब. तुमची वही वेगळं सांगेल. सर्किट तयार करून विकणार असाल, घरात लाईट सतत असेल, तर टेबलावरचाच घ्या.

बॅटरीचा स्कोप आपोआप सुरक्षित असतो, हा मात्र गैरसमज. मोजताना त्याला चार्जर किंवा लॅपटॉप जोडलेला नसावा, सॉकेटवर प्लास्टिकचं आवरण असावं, आणि इनपुटजवळ लिहिलेल्या व्होल्टच्या वर जायचं नाही. प्रोबवरही त्याचा स्वतःचा आकडा असतो. दहापटच्या खुणेवर जास्त, एकपटच्या खुणेवर कमी. लाईटच्या बाजूचं काम कायम दहापटवर आणि आयसोलेशनमधूनच.

पैशाबद्दल. बचत गटाचं कर्ज काढून स्कोप घ्यायचा का, असं विचारतात. गेल्या हंगामात मीटरनं न सापडलेला दोष म्हणून तुम्ही किती वस्तू परत पाठवल्या, किंवा शहरात दुसऱ्याकडे पाठवल्या, त्या मोजा. प्रत्येकीमागे सुटलेली मजुरी लिहा. ती बेरीज वर्षाच्या हप्त्याहून मोठी असेल तर घ्या. नसेल तर एखादा हंगाम थांबा. स्कोप पळून जात नाही, आणि दरवर्षी तोच पैसा थोडं जास्त देतो. अनेक जणी मिळून एक घेत असाल तर तो कोणाच्या घरी राहील आणि प्रोब तुटला तर कोण भरेल, हे आधीच ठरवा. प्रोबवरून भांडणं होतात. प्रोब फार नाजूक असतो, त्याची वायर गुंडाळताना मुरडू नका.

खरेदीला हैदराबादला गेलात तर कोठीतली गुजराती गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ. परभणीकडून हैदराबादच सोयीचं. घरपोच मागवलं तर जीएसटीचं पक्कं बिल, हमी कोण देणार आणि बिघडलं तर कुठं पाठवायचं हे तीन प्रश्न लेखी विचारा. परदेशातून थेट मागवलेल्या स्वस्त मालाला हमी कागदावरच असते. खोक्यात किती प्रोब आहेत, ते दहापटचे आहेत का, तेही बघा. काही ठिकाणी एकच देतात.

दुकानात यंत्र सुरू करायला लावा. प्रोबच्या टोकाला नुसतं बोट लावलं की पडद्यावर ५० हर्ट्झची वेडीवाकडी लाट दिसते, भोवतीच्या वायरिंगची. वेळेचं बटण फिरवून ती संथ आणि दाट होते का बघा. बटणं अडकतात का, पडदा उन्हात दिसतो का, हेही बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

घरी आणल्यावर पहिलं काम चार्जर उघडणं नव्हे. बहुतेक स्कोपवर एका कोपऱ्यात एक छोटा आकडा किंवा टोक असतं, तिथून एक किलोहर्ट्झची चौकोनी लाट बाहेर येते. प्रोब दहापटवर ठेवून तिथं लावा, चिमटी त्याच्या शेजारच्या खुणेला. स्कोपच्या मेनूतही दहापट निवडा, नाहीतर सगळे व्होल्ट दहा पटीनं चुकीचे दिसतील. आता चौकोनाचे कोपरे बघा. शिंगासारखे वर गेले असतील किंवा उतारासारखे गोल झाले असतील, तर प्रोबवर एक बारीक स्क्रू आहे. सोबत आलेल्या प्लास्टिकच्या पेचकसानं तो हळूहळू फिरवा. लोखंडी पेचकस नको, त्यानं चित्र हलतं. कोपरे काटकोनात आले की तो प्रोब त्या चॅनेलसाठी तयार. दुसऱ्या चॅनेलला दुसरा प्रोब, पुन्हा तेच. मग प्रोबांना लाल आणि पिवळं कडं घालून ठेवा, म्हणजे अदलाबदल होणार नाही.